‘लघवीची गोळी’ सुरू आहे? मग ‘लो सोडियम’ मीठ आणण्याआधी स्ट्रिपवरचं नाव वाचा

बीपी आहे? मग मीठ कमी करा, केळी खा, नारळपाणी प्या, साधं मीठ बंद करून ‘लो सोडियम’ मीठ आणा. फॅमिली ग्रुपवर फिरणारा हा सल्ला बहुतेकांसाठी वाईट नाही. पण बीपी, हृदयविकार किंवा लिव्हरच्या आजारासाठी एका विशिष्ट प्रकारची गोळी घेणाऱ्यांना हाच सल्ला थेट आयसीयूत नेऊ शकतो.

या गोळीला डॉक्टर ‘पोटॅशियम-स्पेअरिंग डाययुरेटिक’ म्हणतात. म्हणजे लघवीवाटे शरीरातलं जास्तीचं मीठ-पाणी बाहेर काढायचं, पण पोटॅशियम मात्र आत राखून ठेवायचं. घरात हिचं नाव साधं असतं: ‘लघवीची गोळी’ किंवा ‘सुजेची गोळी’. अडचण अशी की लघवीच्या गोळ्या अनेक प्रकारच्या असतात, आणि पोटॅशियमच्या बाबतीत त्यांचं वागणं एकमेकांच्या अगदी उलट असतं. त्यामुळे ‘माझ्या आईलाही लघवीची गोळी आहे, तिला डॉक्टरांनी नारळपाणी प्यायला सांगितलंय’ हा शेजारच्या काकूंचा अनुभव खरा असला, तरी तुमच्या घरी तो चालेलच असं नाही.

कोणती गोळी, हे कसं ओळखायचं?

स्ट्रिपच्या मागे ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं. तिथे स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, ॲमिलोराइड, ट्रायमटेरीन किंवा फिनेरेनोन यांपैकी काही दिसलं, तर गोळी पोटॅशियम राखणारी आहे. यातलं भारतात सगळ्यात जास्त दिसणारं नाव स्पायरोनोलॅक्टोन. ‘ॲल्डॅक्टोन’मध्ये ते एकटं असतं. ‘लॅसिलॅक्टोन’मध्ये फ्रुसेमाइडसोबत आणि ‘डायटोर प्लस’मध्ये टॉर्सेमाइडसोबत असतं.

इथे एक बारकावा आहे. ‘डायटोर’ आणि ‘डायटोर प्लस’ ही दोन वेगळी औषधं आहेत. पहिलं पोटॅशियम बाहेर टाकणारं, दुसऱ्यात राखणारं औषधही मिसळलेलं. मेडिकलवर ‘तीच द्या, मागच्या महिन्यात नेलेली’ असं सांगताना हा ‘प्लस’ गळून पडतो किंवा चिकटतो. रिकामी स्ट्रिप सोबत नेणं किंवा मोबाइलमध्ये तिचा फोटो ठेवणं, हा यावरचा साधा उपाय आहे.

शरीरात नेमकं काय होतं?

आपल्या दोन किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात. त्यातलं जवळपास सगळं परत रक्तात घेतलं जातं आणि दीड-दोन लिटर लघवी उरते. हे परत घेण्याचं काम लाखो बारीक नळ्यांमध्ये, टप्प्याटप्प्याने चालतं.

जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्यांना ‘टेल’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कालव्याच्या सुरुवातीच्या गावांनी पाणी उचललं की टेलला थोडंच उरतं. किडनीच्या नळीतही तसंच असतं. मिठातल्या सोडियमचा मोठा वाटा सुरुवातीलाच रक्तात परत जातो. टेलला पोचतं ते गाळलेल्या सोडियमच्या दोन-तीन टक्के. पण तिथला गेट महत्त्वाचा आहे, कारण तिथे अदलाबदल होते: सोडियम आत, पोटॅशियम बाहेर.

या गेटवर हुकूम चालतो ॲल्डोस्टेरोन या हार्मोनचा. किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथीतून ते येतं. शरीरात मीठ-पाणी कमी पडलं की ते सांगतं, सोडियम अडवा, पोटॅशियम सोडा. उन्हात घाम गाळणाऱ्या माणसासाठी ही सोय जीव वाचवणारी आहे. पण हार्ट फेल्युअरमध्ये किंवा सिरोसिसमध्ये शरीराचा गैरसमज होतो. पायांत, पोटात पाणी साचलेलं असतं, तरी किडनीपर्यंत रक्त नीट पोचत नसल्यामुळे शरीराला ‘पाणी कमी आहे’ असंच वाटत राहतं. ॲल्डोस्टेरोन वाढत जातं आणि सूजही.

स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन आणि फिनेरेनोन ही औषधं ॲल्डोस्टेरोनच्या जागेवर जाऊन बसतात, त्यामुळे हुकूम पोचत नाही. ॲमिलोराइड आणि ट्रायमटेरीन हुकुमाच्या भानगडीत पडत नाहीत. ती थेट सोडियमचा गेटच बंद करतात. परिणाम एकच: सोडियम आणि पाणी लघवीत जातं, पोटॅशियम आत राहतं.

काम टेलला असल्यामुळे ही औषधं लघवी वाढवण्यात तशी कमजोर असतात. म्हणून ती बऱ्याचदा फ्रुसेमाइड किंवा टॉर्सेमाइडसारख्या जोरदार गोळीसोबत दिली जातात. जोरदार गोळी पाणी काढते, पण पोटॅशियमही घालवते. पोटॅशियम फार उतरलं तर पायात गोळे येतात, अशक्तपणा येतो, हृदयाचे ठोके बिघडतात. दुसरी गोळी ते नुकसान भरून काढते. कागदावर हिशेब जुळतो. प्रत्यक्षात तो प्रत्येकाच्या किडनीवर अवलंबून असतो.

ही गोळी देतात तरी कशासाठी?

बीपीच्या औषधांच्या इतिहासात मुंबईचं नाव मोठं आहे. डॉ. रुस्तम जल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा बीपीवरचा परिणाम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जगाचं लक्ष आपल्याकडच्या या मुळीकडे गेलं. त्यानंतर चारच वर्षांनी, १९५३ मध्ये, लंडनमध्ये ॲल्डोस्टेरोन वेगळं काढण्यात आलं. ते सापडल्यावर त्याला अडवणारं औषध शोधणं ओघाने आलंच. १९५० चं दशक संपेपर्यंत अमेरिकेतल्या सर्ल कंपनीचं स्पायरोनोलॅक्टोन बाजारात होतं. म्हणजे ही काही नवी, प्रयोगातली गोळी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आणि भारताच्याही आवश्यक औषधांच्या यादीत ती आहे.

सगळ्यात ठोस पुरावा हार्ट फेल्युअरचा आहे. १९९९ मध्ये ‘राल्स’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गंभीर हार्ट फेल्युअर असलेल्या १,६६३ रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या औषधांसोबत स्पायरोनोलॅक्टोन दिलं, निम्म्यांना नुसती दिसायला तशीच गोळी. औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी झाला. फायदा इतका स्पष्ट होता की अभ्यास ठरलेल्या वेळेआधीच थांबवला गेला.

बीपीमध्ये ही पहिली गोळी नसते. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी, अशी तीन औषधं नीट घेऊनही बीपी १४०/९० च्या खाली येत नसेल, तर चौथं औषध म्हणून ती येते. ब्रिटनमधल्या ‘पाथवे-२’ अभ्यासात २०१५ मध्ये दिसलं की अशा हट्टी बीपीसाठी तुलना केलेल्या औषधांमध्ये स्पायरोनोलॅक्टोनच सरस ठरलं. यातल्या काही रुग्णांच्या बीपीचं मूळच ॲड्रिनल ग्रंथीत असतं. ती गरजेपेक्षा जास्त ॲल्डोस्टेरोन बनवत असते. १९५५ मध्ये डॉ. जेरोम कॉन यांनी हा आजार दाखवून दिला, पण आजही तो अनेकदा तपासलाच जात नाही.

तिसरं मोठं कारण म्हणजे जलोदर. लिव्हर सिरोसिसमध्ये पोटात पाणी होतं, पोट ताणून नगाऱ्यासारखं होतं. तिथे स्पायरोनोलॅक्टोन मुख्य औषध असतं आणि डोसही बीपीपेक्षा मोठा. बीपीला साधारण २५ ते ५० मिलिग्रॅम पुरतं, जलोदरात सुरुवातच बहुधा १०० मिलिग्रॅमपासून होते. त्यामुळे कुणाच्या चिठ्ठीवर चौपट डोस दिसला, तर डॉक्टर चुकले असं समजू नका. आणि त्याची गोळी स्वतःच्या बीपीसाठी उसनीही घेऊ नका.

हल्ली त्वचारोगतज्ज्ञही मुरुमांसाठी किंवा पीसीओएसमधल्या चेहऱ्यावरच्या केसांसाठी तरुण मुलींना ही गोळी देतात, कारण ती पुरुषी हार्मोनलाही अडवते. रील्समध्ये तिचं कौतुक भरपूर दिसतं. पण गर्भातल्या मुलाच्या वाढीवर तिचा परिणाम होऊ शकतो, म्हणून गर्भधारणा टाळण्याची पक्की सोय असल्याशिवाय ती घेत नाहीत. हे वाक्य रीलमध्ये क्वचितच ऐकू येतं.

मग धोका कुठे आहे?

रक्तातलं पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ या पट्ट्यात असावं लागतं. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात फिरतं ते अगदी थोडं. ते थोडं वाढलं तरी हृदयाच्या ठोक्यांची वीज बिघडते. साडेपाचच्या वर डॉक्टर सावध होतात, डोस निम्मा करतात. सहाच्या वर गोळी बंद करून तातडीने उपचार लागतात.

आणि हे वाढणं बहुतेक वेळा गुपचूप होतं. पाय जड वाटणं, गळून गेल्यासारखं होणं, नाडी मंदावणं, धडधड, एवढंच. मराठवाड्याच्या मे महिन्यात यातलं एकही लक्षण ‘ऊन लागलं असेल’ म्हणून सोडून दिलं जाऊ शकतं. रक्ततपासणी आणि ईसीजीशिवाय ते कळत नाही.

राल्सच्या यशानंतर काय झालं, हे यासाठी वाचण्यासारखं आहे. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात डॉक्टरांनी हार्ट फेल्युअरच्या ज्येष्ठ रुग्णांना ही गोळी धडाधड लिहायला सुरुवात केली. २००४ मध्ये संशोधकांनी हिशेब मांडला. पोटॅशियम वाढल्यामुळे हॉस्पिटलमध्ये दाखल होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये ११ झालं. त्यातल्या मृत्यूंचं प्रमाण हजारी ०.३ वरून २ वर गेलं. औषध तेच होतं. फरक असा की अभ्यासात किडनी खराब असलेल्यांना आधीच वगळलं होतं आणि रक्त वारंवार तपासलं जात होतं. बाहेरच्या जगात हे दोन्ही सुटलं.

हे कॅनडात झालं, जिथे तपासणी सरकारी खर्चाने होते. आपल्याकडे काय होत असेल, याचा विचार करा. घाटी रुग्णालयात छत्रपती संभाजीनगरसोबत जालना, बीड, परभणी, हिंगोली, बुलढाण्याहूनही पेशंट येतात. डिस्चार्जच्या कार्डावर ‘पंधरा दिवसांनी दाखवा’ लिहिलेलं असतं. पण सोयाबीनची काढणी, एसटीचा प्रवास, सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी हे सगळं मध्ये येतं. गोळी मात्र गावातल्या मेडिकलवर मिळत राहते. महिन्याची गोळी स्वस्त, तपासणी महाग वाटणारी, आणि बरं वाटत असताना रक्त कशाला द्यायचं, हा प्रश्न स्वाभाविक आहे. माझ्या मते इथे दोष पेशंटचा कमी आणि चिठ्ठीचा जास्त आहे. गोळीच्या नावाखालीच ‘एका आठवड्याने पोटॅशियम तपासा’ एवढं मराठीत लिहिलं, तर बरंच काही टळेल.

तपासणीचं वेळापत्रक साधारण असं असतं: गोळी सुरू करण्याआधी, मग आठवड्याभरात, मग महिन्याने, आणि नंतर दर तीन-चार महिन्यांनी. डोस वाढला की पुन्हा पहिल्यापासून. लॅबमध्ये ‘सिरम इलेक्ट्रोलाइट्स’ आणि ‘क्रिएटिनिन’ अशी नावं सांगायची. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत ही सोय आहे. घाटी वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने या निर्णयात येत नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ही तपासणी होते का, हे एकदा विचारून ठेवा.

रिपोर्टमध्ये पोटॅशियम अचानक जास्त आलं, तरी काही वेळा तो आकडा खोटा असतो. रक्त काढताना मूठ फार घट्ट आवळली किंवा नमुना तालुक्याहून शहरात पोचायला उशीर झाला, तर पेशी फुटून त्यांतलं पोटॅशियम नमुन्यात मिसळतं. म्हणून डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात. पण ‘खोटंच असेल’ हे आपण घरी ठरवायचं नसतं.

कोणत्या गोष्टींची जोडी घातक?

सगळ्यात आधी टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल यांसारखी बीपीची औषधं. ही सुद्धा ॲल्डोस्टेरोन कमी करतात, म्हणजे पोटॅशियम राखतात. हार्ट फेल्युअरमध्ये दोन्ही मुद्दाम एकत्र दिली जातात, त्यामुळे घाबरून यातलं एक बंद करू नका. फक्त अशा वेळी तपासणी टाळणं परवडत नाही.

दुसरी जोडी घरोघरी आहे: गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक. या पेनकिलर किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात. बीपीच्या दोन गोळ्या आणि वर ही तिसरी, अशात किडनी अचानक बसू शकते. लघवीच्या इन्फेक्शनसाठी मिळणारं को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिकही पोटॅशियम वाढवतं. त्यातला ट्रायमेथोप्रिम हा घटक किडनीत थेट ॲमिलोराइडसारखाच वागतो.

तिसरी जोडी ‘लो सोडियम’ मिठाची. सोडियम कमी करायचं म्हणजे त्या जागी काहीतरी घालावं लागतं, आणि ते असतं पोटॅशियम क्लोराइड. हे मीठ वाईट नाही, उलट फार कामाचं आहे. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या अभ्यासात २०२१ मध्ये दिसलं की चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरल्याने पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं. पण त्या अभ्यासात पोटॅशियम राखणारी गोळी घेणाऱ्यांना आणि गंभीर किडनीविकार असणाऱ्यांना घेतलंच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये या मिठाची शिफारस केली, तीही किडनीचे रुग्ण आणि शरीराबाहेर पोटॅशियम टाकण्यात अडचण असणारे यांना वगळून. घरात एकाला ही गोळी सुरू असेल, तर अख्ख्या घराच्या डाळीत ते मीठ पडतं, हे लक्षात घ्या. सैंधव मिठाचं विचाराल तर ते जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. त्याने बीपी कमी होत नाही.

नारळपाणी, मोसंबी, केळी बंदच का?

नाही. १०० मिलिलिटर नारळपाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, एका मध्यम केळ्यात ४०० च्या आसपास. प्रौढ माणसाने दिवसाला किमान साडेतीन हजार मिलिग्रॅम घ्यावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. किडनी चांगली असेल, रिपोर्ट नॉर्मल असतील, तर एक केळं किंवा जालन्याच्या मोसंबीचा एक ग्लास ज्यूस यांनी काही बिघडत नाही. डाळी, बटाटा, टोमॅटो, पालेभाज्या या सगळ्यांत पोटॅशियम आहे, आणि सगळंच सोडलं तर माणूस खाणार काय? प्रश्न तेव्हा येतो जेव्हा क्रिएटिनिन वाढलेलं असतं, मधुमेह जुना असतो, वय झालेलं असतं आणि उन्हाळ्यात ‘थंड असतं’ म्हणून रोज दोन-दोन शहाळी पोटात जातात. अशांनी प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

उन्हाळ्याची खरी भीती मात्र शहाळ्यापेक्षा जुलाब-उलट्यांची आहे. अंगातलं पाणी कमी झालं की किडनी मंदावते, आणि गोळी आपलं काम करतच राहते. उलट्या, जुलाब, खूप ताप किंवा दिवसभर काहीच पोटात गेलं नाही, असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अनेकदा ते गोळी एक-दोन दिवस थांबवायला सांगतात. रमजानचे रोजे किंवा नवरात्राचे निर्जळी उपवास धरणाऱ्यांनी हे आधीच विचारून घेतलेलं बरं. ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं. पण जुलाबात ते बाहेरही जात असतं, त्यामुळे भीतीने ओआरएस टाळू नका, विचारून घ्या.

पायावर सूज आली म्हणजे हीच गोळी हवी का?

हा सगळ्यात जास्त फसवणारा भाग आहे. भारतात बीपीसाठी अम्लोडिपिन भरपूर वापरलं जातं, आणि घोट्यांवर सूज हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. ही सूज शरीरात पाणी वाढल्याने येत नाही. बारीक रक्तवाहिन्या सैल झाल्यामुळे पाणी खाली झिरपतं. तिच्यावर लघवीची गोळी फारशी चालत नाही. पण कुणीतरी ‘सुजेची गोळी’ देतं, ती चालूच राहते, आणि एका औषधाच्या दुष्परिणामासाठी दुसरं औषध असा सिलसिला सुरू होतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशातल्या ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. त्यामुळे असा सिलसिला किती घरांत चालू असेल, याचा अंदाज करता येतो. सूज आली की आधी विचारा: ती औषधाची आहे, हृदयाची, किडनीची, लिव्हरची की नुसतं जास्त वेळ पाय लोंबकळत ठेवून बसल्याची?

पुरुषांनी न लाजता सांगायची गोष्ट

स्पायरोनोलॅक्टोनमुळे पुरुषांच्या छातीत गाठीसारखं जाणवू शकतं, छाती दुखते, वाढते. राल्समध्ये दर १० पुरुषांपैकी एकाला हा त्रास झाला. लाजेपोटी कुणी बोलत नाही आणि गोळी गुपचूप बंद करतो. मग काही आठवड्यांत धाप आणि सूज परत येते. एप्लेरेनोनमध्ये हा त्रास बराच कमी आहे, ते थोडं महाग पडतं एवढंच. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलून मिळते.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर?

आठवलं तेव्हा त्याच दिवशी घ्या. दुसरा दिवस उजाडला असेल तर सोडून द्या, दोन एकदम घेऊ नका. स्पायरोनोलॅक्टोनचा परिणाम सुरू व्हायला दोन-तीन दिवस लागतात, बीपीवर पूर्ण दिसायला काही आठवडे, आणि बंद केल्यावरही तो दोन-तीन दिवस रेंगाळतो. म्हणून एक गोळी चुकल्याने लगेच काही होत नाही. पण याच कारणामुळे पोटॅशियम वाढलेलं असताना ‘आजपासून गोळी बंद केली, झालं’ असंही होत नाही. रिपोर्टमध्ये सहाच्या वर आकडा आला, पाय गळाले किंवा ठोके मंद-अनियमित वाटले, तर थेट इमर्जन्सी गाठावी लागते. तिथे ईसीजी काढतात, हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन देतात, इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन पोटॅशियम पेशींत ढकलतात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर डायलिसिस करतात. जाताना सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या. गुडघ्याच्या गोळीचीही.